पोलिसासाठी मांडलेली पंगत

मल्खाज त्स्कितिश्विली स्वतःच्याच घरात अडकून पडला होता, आणि तेही पोलीस येत नव्हता म्हणून.

कुताइसीत, म्हणजे जॉर्जियातल्या त्याच्या गावी, हे बरोबर उलटं असायचं. त्याच्या लहानपणी पोलीस दारात आला की घरातला कर्ता पुरुष मागच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या अंगणात उतरायचा आणि बायको पुढच्या दारात उभी राहून ‘ते कधीचे गावाला गेलेत’ असं थंडपणे सांगायची. एका काकांनी तर या कामासाठी खिडकीखाली गवताचा भारा कायमचा टाकून ठेवला होता. अशा घराण्यातला हा माणूस आज बेल्जियममधल्या गेंट शहरात, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला नाक लावून पोलिसाची वाट बघत होता. गुळगुळीत दाढी केलेली, शर्टाला कडक इस्त्री. दाखवायच्या कार्यक्रमाला बसलेली मुलगीसुद्धा इतकी अधीर नसते.

भानगड अशी होती. मल्खाजची बायको दाइवा ही लिथुआनियाची, आणि गेली बरीच वर्षं ती गेंटमध्ये ट्राम चालवत होती. लिथुआनिया युरोपियन युनियनच्या आत, जॉर्जिया बाहेर. म्हणजे एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोन माणसांपैकी एक आत आणि एक बाहेर. कुताइसीच्या जमीन-मोजणी कचेरीत मल्खाज नकाशे काढायचा. तिथे त्याच्या टेबलावर त्याचा स्वतःचा दिवा होता, आणि त्या दिव्याला दुसरं कुणी हात लावत नसे. गेंटमध्ये आल्यापासून त्याच्याकडे दिवा नव्हता, टेबल नव्हतं, आणि सकाळी दाइवा कामावर गेली की दिवसभर करायला काही नव्हतं. बायकोच्या जिवावर बसून खाणारा माणूस, हे स्वतःचं वर्णन त्याने आरशात बघून एकदाच मनात म्हटलं होतं. त्यानंतर तो आरशात फक्त दाढीपुरता बघायचा.

मग हेन्द्रिकसाहेब भेटले. हे गृहस्थ लाकडी जिने बनवायचे. गेंटमधली जुनी घरं अरुंद आणि उंच, त्यामुळे प्रत्येक जिना हा एक स्वतंत्र गुंता असतो. मल्खाजने काढलेला एक वळणाचा जिना बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“सोमवारी या,” ते म्हणाले. “आमचे नकाशे काढणारा म्हातारा निवृत्त होतोय. तुम्हाला सगळं दाखवायला तो आठवडाभर थांबायला कबूल झालाय. पण येताना कागद घेऊन या. आमच्या हिशेबाच्या बाई कागदाशिवाय सख्ख्या आईलासुद्धा कामावर घ्यायच्या नाहीत. आणि सोमवार चुकला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल, वाईट वाटून घेऊ नका.”

कागद मिळायची जागा म्हणजे नगरपालिकेचं काउंटर. तिथल्या बाई हसतमुख होत्या.

“तुम्हाला काम करायचा हक्क आहेच की,” त्या म्हणाल्या. “युरोपियन बायकोचे नवरे म्हणून तिच्यासोबत इथे राहायला आलात, त्या दिवसापासून आहे.”

“मग द्या ना,” मल्खाज म्हणाला.

“काय?”

“हक्क.”

“हक्क आम्ही देत नाही हो. तो तुमचा तुम्हाला आहे. आम्ही फक्त कार्ड देतो. आणि त्याआधी तुम्ही खरंच त्या पत्त्यावर राहता का, हे तुमच्या भागातला पोलीस घरी येऊन बघेल.”

“कधी येईल?”

“सांगून आला तर बघण्यात काय राहिलं?”

मल्खाज काउंटरसमोरून हलला तो तोंड उघडं टाकूनच. त्याच्या आयुष्यात आजवर कोणत्याही कचेरीने ‘हे तुमचं आहेच’ असं सांगितलं नव्हतं. हक्क आहे, नुसता आहे, हवेसारखा. कुणी दिला नाही, कुणाला चहा पाजावा लागला नाही, कुणाच्या मेव्हण्याला फोन करावा लागला नाही. केवळ दाइवाने त्याच्याशी लग्न केलं म्हणून आहे.

त्या संध्याकाळी दाइवा दात घासत असताना तो न्हाणीघराच्या दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. पाच फूट दोन इंचांची बाई. बारा महिने पाय गार, नाकावर चष्म्याचे वण, अंगात जुना स्वेटर. आणि हिच्या नुसत्या सोबतीत एवढं मोठं काहीतरी होतं, हे त्याला लग्नाच्या दिवशी कुणीच सांगितलं नव्हतं.

“दाइवा, तू उद्या फिनलंडला कामाला गेलीस, तर तिथेही मला काम करता येईल?”

“हं,” तोंडात फेस धरून दाइवा म्हणाली.

“आणि माल्टात?”

“हं.”

“म्हणजे तू कुठेही गेलीस आणि मी तुझ्या मागे मागे आलो—”

दाइवाने चूळ भरली. “मल्खाज, मी उद्या पहाटे डेपोत चाललेय. माल्टाला नाही. बाजूला हो.”

तो बाजूला झाला, पण त्याचं नवल काही बाजूला झालं नाही.

*

तर मल्खाज घरात बसला. दारापासून चार हातांवर खुर्ची टाकून बसला. पाणी प्यायला उठला तरी कान दाराकडे. आणि दुसऱ्या दिवशी टपालपेटीत चिठ्ठी सापडली: ‘येऊन गेलो. कोणी दार उघडलं नाही. पुन्हा येईन. बाउवेन्स, पोलीस.’

मल्खाज चिठ्ठी घेऊन खालच्या किराणा दुकानात गेला. दुकानदार सेफेर. त्याचे आजोबा तुर्कस्तानातून इथल्या कोळशाच्या खाणीत कामाला आले होते. सेफेर मात्र गेंटचाच, बोलणंही अस्सल इथलं, आणि सल्ला द्यायचा त्याला नाद.

“अरे, मी दारात बसलो होतो! बेल वाजलीच नाही!”

“वाजली की,” सेफेर म्हणाला. “माझ्या दुकानात वाजली. तुमची बेल माझ्याकडे वाजते, मल्खाजभाऊ. घरमालकाने वायर कुठली कुठे जोडलीय देव जाणे.”

“मग मला सांगायचं नाही?”

“मला वाटलं पोरं खोड्या काढताहेत. बेल दाबणारा पोलीस आहे का पोस्टमन, हे बेल सांगते होय?”

इतक्यात समोरच्या घरातल्या गोडेलीव्हबाई दूध घ्यायला आल्या. या बाई विधवा, एकट्या, आणि एका वकिलाच्या कचेरीत टायपिंग करून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कायदा आपल्याला पाठ आहे अशी त्यांची समजूत. त्यांच्या खिडकीबाहेर, इथल्या जुन्या घरांना असतो तसा, छोटा आरसा बसवलेला होता. आत खुर्चीत बसून गल्लीच्या दोन्ही टोकांवर नजर ठेवता यावी म्हणून.

“आला होता तो,” गोडेलीव्हबाई म्हणाल्या. “सायकलवर. उंच आहे, मिशा पांढऱ्या. बेलपाशी वाकला, नाव शोधलं, नाही सापडलं, तशीच बेल दाबली, मान हलवली आणि गेला.”

“तुम्ही बघत होतात? मग मला एक हाक का नाही मारलीत?”

गोडेलीव्हबाईंनी मान ताठ केली. “दुसऱ्याच्या भानगडीत मी नाक खुपसत नाही.”

बेलवर नाव नव्हतं हे मात्र खरं होतं. तिथे फक्त दाइवाचं माहेरचं आडनाव होतं, आणि बेलखालच्या पट्टीत जेवढी जागा होती तेवढ्यात ‘त्स्कितिश्विली’ बसणं शक्य नव्हतं. अर्धं आडनाव लिहिणं हा पूर्वजांचा अपमान. तेव्हा त्याने लाकडाची एक फळी आणली. नकाशे काढणारा माणूस. अक्षर म्हणजे त्याचा प्राण. गर्द लाल रंगावर सोनेरी अक्षरांत त्याने आडनाव असं रेखलं की दोन मिनिटं तो स्वतःच त्याच्यासमोर उभा राहिला. कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, तिथे द्राक्षाचा वेल काढला. जॉर्जियाच्या माणसाला रिकामा कोपरा दिसला की तो तिथे द्राक्षं काढतो, त्याला इलाज नाही.

फळी दारावर लागली. संध्याकाळपर्यंत दोन माणसं थांबून विचारून गेली, की उघडणार कधी. मल्खाजला वाटलं, काय प्रेमळ शहर आहे, नुसत्या नावावरून लोक चौकशी करतात.

इकडे सेफेरचे सल्ले चालूच होते. “पोलीस आत येऊन काय बघतो ठाऊक आहे? दात घासायचे ब्रश किती आहेत. उशा किती. पुरुषाचे बूट आहेत का. माझ्या आतेभावाच्या वेळी त्याने फ्रिजसुद्धा उघडला होता. सगळं दोन-दोन दिसलं पाहिजे, भाऊ. नाहीतर म्हणतात, लग्न कागदावरचं.”

कागदावरचं! मल्खाजचं लग्न म्हणजे कुताइसीत तीनशे माणसांची पंगत, पहाटेपर्यंत गाणी, आणि दाइवाच्या लिथुआनियन वडिलांनी टेबलावर चढून केलेला नाच. ते कागदावरचं? दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून दोन नवे कोरे ब्रश आणले, एक निळा, एक गुलाबी. पुरुषाच्या सपाता आणल्या. उशांना जोडीचे अभ्रे आणले. लग्नाचा फोटो मोठा करून त्याच्या चार प्रती काढल्या आणि प्रत्येक खोलीत एकेक टांगली. एक न्हाणीघरात.

दाइवा कामावरून आली आणि टोपी न काढताच दारात थबकली.

“हे काय आहे?”

“आपलं लग्न.”

“आपलं लग्न खरं आहे ना?”

“म्हणजे काय! खरंच आहे!”

“मग ते खोटं असल्यासारखं का सजवलंयस?”

कायद्यापुढे बायकोची किंमत त्याला इतकी अफाट वाटू लागली होती, की त्या मानाने एका ब्रशचा पुरावा त्याला फारच तोकडा वाटत होता. पण हे तिला सांगायचं कसं? त्याने फक्त न्हाणीघरातला फोटो जरा सरळ केला.

*

खरा घोटाळा मात्र पंगतीने केला.

पोलीस असो, पोस्टमन असो, की मीटर बघायला आलेला माणूस असो, जॉर्जियाच्या माणसाच्या दारात जो आला तो पाहुणा, आणि पाहुणा उपाशी गेला तर यजमानाने उद्या गावात तोंड कसं दाखवायचं? ही गोष्ट मल्खाजच्या हाडात होती. तिच्यावर विचार करायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. पोलीस कधी येणार हे माहीत नाही, म्हणजे पंगत सदैव तयार हवी. तेव्हा तो रोज सकाळी कणीक मळायचा, आत चीज भरलेल्या जाडजूड खाचापुऱ्या भाजायचा, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी करायचा, राजम्याला कोथिंबिरीची फोडणी द्यायचा आणि टेबल मांडून बसायचा. पोलीस यायचा नाही. संध्याकाळी एवढं अन्न टाकायचं कसं? मग सेफेर वर यायचा, गोडेलीव्हबाई यायच्या.

“पोलिसाचं जेवण आजही उरलंय वाटतं?” दारातूनच त्या विचारायच्या, आणि स्वतःचा काटा पर्समधून काढून आणायच्या. नवऱ्याच्या माघारी आपण असं चौघांत बसून जेवलोच नव्हतो, हे त्यांनी दुसऱ्या संध्याकाळी वांगं खाताखाता सहज सांगितलं, आणि तिसऱ्या संध्याकाळी नणंदेला घेऊन आल्या. नणंदेला राजमा फार आवडला.

जेवण चालू असताना पेला उंचावून बोलायचं, ही मल्खाजच्या देशातली दुसरी अट. त्याची फ्लेमिश, म्हणजे इथली भाषा, तोडकीमोडकी. दुकानात साधं मीठ मागताना त्याला घाम फुटायचा. पण हातात पेला आला की याच तुटक्या भाषेत तो गोडेलीव्हबाईंच्या दिवंगत नवऱ्यासाठी, सेफेरच्या आजोबांच्या खाणीसाठी, आणि वांग्यासाठीसुद्धा असं बोलायचा की नणंद डोळे पुसायची.

दाइवा दमून यायची, कोपऱ्यात बसून जेवायची, आणि काही न बोलता झोपायला जायची. हे न बोलणं मल्खाजने ऐकायला हवं होतं.

असं करता करता गुरुवार उजाडला. शनिवार-रविवार काउंटर बंद, म्हणजे आता मधे फक्त शुक्रवार. सकाळी हेन्द्रिकसाहेबांचा फोन आला. “कागदाचं काय झालं? म्हातारा विचारतोय.” मल्खाज म्हणाला, “होतंय, होतंय,” आणि फोन ठेवून त्याने दुप्पट कणीक मळली. माणूस घाबरला की काहीतरी करत सुटतो. मल्खाज मळत सुटला.

संध्याकाळी पंगत बसली. सेफेर, गोडेलीव्हबाई, नणंद. आणि दार उघडंच होतं, कारण बेलवर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. त्या उघड्या दारातून एक अनोळखी गृहस्थ आत डोकावले. अंगात रेनकोट, हातात बॅग.

“जागा आहे का?” त्यांनी विचारलं.

“या, या, बसा ना!” मल्खाज म्हणाला. जेवण्याआधी पाहुण्याला तू कोण म्हणून विचारणं हा त्याच्याकडे शुद्ध असभ्यपणा. सेफेरला वाटलं गोडेलीव्हबाईंचे कोणी नातेवाईक असतील. गोडेलीव्हबाईंना वाटलं सेफेरचं गिऱ्हाईक असेल. गृहस्थ शांतपणे दोन खाचापुऱ्या, चार वांगी आणि वाडगाभर राजमा जेवले, तोंड पुसलं, ‘फारच छान’ म्हणाले आणि पाकीट काढून नोट पुढे केली.

मल्खाजचा चेहरा पडला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, जेवणाचे पैसे? त्याने नोट परत त्यांच्या खिशात कोंबली. त्यांनी ती बाहेर काढून याच्या मुठीत दिली. याने कोंबली, त्यांनी काढली. दोघेही सभ्य, त्यामुळे कोणीच मागे हटेना. आणि नोट अशी मल्खाजच्या मुठीत असताना, दारात उंच, पांढऱ्या मिशांचा, निळ्या गणवेशातला एक माणूस उभा होता.

“बाउवेन्स,” तो म्हणाला. “पोलीस. हॉटेल कधीपासून चालू केलंत?”

जो कामाच्या कागदासाठी इतके दिवस घरात कोंडून बसला होता, तोच आता कागदाशिवाय काम करताना पकडला गेला होता, आणि तेही असं काम, जे तो करतच नव्हता.

“हॉटेल नाही हो, साहेब,” सेफेर मदतीला धावला. “आणि सगळा माल माझ्याकडून येतो. एकूण एक पावती आहे.”

“मी रोज येते इथे,” गोडेलीव्हबाईंनी साक्ष दिली. “स्वच्छता एकदम चांगली.”

“राजमा खाऊन बघा,” नणंद म्हणाली.

बाउवेन्सने वही काढली. त्याने मल्खाजकडे बघितलं, नोटेकडे बघितलं, मग रेनकोटवाल्याकडे. “हे गृहस्थ कोण?”

“माहीत नाही,” मल्खाज म्हणाला.

“तुमच्या टेबलावर जेवले आणि तुम्हाला माहीत नाही?”

“आता जेवण झालंय. आता विचारणार होतो.”

“बाहेर पाटी होती म्हणून मी आलो,” रेनकोटवाले कसंनुसं हसून म्हणाले, आणि नोट टेबलावर ठेवावी की खिशात घालावी हे न कळून ती तशीच हातात धरून बसले.

“मग एवढं जेवण कुणासाठी करता रोज?” बाउवेन्सने विचारलं.

मल्खाजने खरं तेच सांगितलं. “तुमच्यासाठी.”

गोडेलीव्हबाईंनी, ज्यांना कायदा पाठ होता, डोळे मिटून घेतले.

“कर्तव्यावरच्या पोलिसासाठी,” बाउवेन्स सावकाश म्हणाला. “रोज.”

“रोज,” मल्खाज म्हणाला. मग त्यालाही ते कसं ऐकू गेलं असेल ते कळलं, आणि त्याच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या.

बाउवेन्सने घर बघितलं. दोन ब्रश, दोन्ही कोरडे ठणठणीत. सपाता, तळाला किमतीचं लेबल तसंच. चार भिंतींवर चार वेळा तेच लग्न. परत टेबलापाशी येऊन तो उभा राहिला.

“बरीच वर्षं मी हेच काम करतोय,” तो म्हणाला. “खऱ्या नवरा-बायकोच्या घरात लग्नाचा फोटो कपाटावर धूळ खात पडलेला असतो. न्हाणीघरात नसतो. बायको कुठे आहे तुमची?”

“ट्रामवर.”

“बायकोबद्दल दोन शब्द सांगा बघू.”

फ्लेमिश शब्द मल्खाजच्या डोक्यातून पाखरांसारखे उडाले. त्याचा हात आपोआप पेल्याकडे गेला. पेला उचलला, आणि तो उभा राहिला.

“साहेब,” तो म्हणाला, “मी चाळीस वर्षं कचेऱ्यांच्या दारात उभा राहिलो. कधी कुणी म्हणालं नाही, हे तुझं आहे. इथे म्हणाले. का म्हणाले? मी शिकलो म्हणून नाही. चांगला माणूस म्हणून नाही. एक बाई, एवढीशी, पहाटे अंधारात उठते, ट्राम चालवते, आणि तिने मला नवरा म्हटलं, म्हणून. इतका मोठा देश, एवढे मोठे कायदे, आणि ते या एवढ्याशा बाईच्या शब्दावर विश्वास ठेवतात. मला हे कळतच नाही, साहेब. मी रोज बघतो तिच्याकडे आणि मला कळत नाही. म्हणून मी फोटो लावले.”

तो खाली बसला. नणंद रडत होती. रेनकोटवाल्यांनीही नाक ओढलं. बाउवेन्सच्या मिशा किंचित हलल्या, पण वही बंद झाली नाही. छान बोलणारे त्याने पुष्कळ पाहिले असणार.

आणि तेव्हा जिन्यावर दाइवाची पावलं वाजली.

ती आत आली ती सरळ आतल्या खोलीत गेली; पंगतीकडे तिने पाहिलंही नाही, कारण पंगत रोजचीच. त्यामुळे टेबलापाशी उभा असलेला पोलीसही तिला दिसला नाही. मग आतून जे सुरू झालं ते रशियनमध्ये होतं, कारण लिथुआनियन आणि जॉर्जियन माणसाला भांडायला तीच एक सामाईक भाषा. ते आधी हळू होतं, मग चढलं, मग एका जागी थांबून श्वास घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मल्खाज जागेवरूनच मधे मधे “हो”, “नाही”, “अगं पण” असं म्हणत होता, आणि प्रत्येक ‘अगं पण’नंतर आतला आवाज एक पायरी वर चढत होता.

मल्खाज घाईने उठायला गेला, पण बाउवेन्सने बोट ओठांवर ठेवलं. तो ऐकत होता. त्याला एक शब्द कळत नव्हता, पण मान हळूहळू हलत होती, जसं ओळखीचं गाणं कुठेतरी लागावं.

“काय म्हणतायत?” त्याने हलक्या आवाजात विचारलं.

मल्खाजने मान खाली घातली. “ओला टॉवेल. पलंगावर. तिच्या बाजूला.”

“पहिल्यांदाच?”

“नाही.”

“आणि आता तो जो आवाज वर गेला?”

“म्हणतेय, कामावरून दमून आल्यावर घरात रोज पंगत असते आणि मला माझ्याच घरात बसायला खुर्ची नाही. एकदा तरी फक्त आपण दोघं जेवू या म्हणाला नाहीस.” मल्खाजने पेला बाजूला सारला. “हे खरं आहे, साहेब.”

बाउवेन्सने दारातून आत डोकावून बघितलं. पलंगावर जोडीच्या नव्याकोऱ्या अभ्र्यांच्या उशा, वर टांगलेला झळझळीत फोटो, आणि त्या सगळ्याच्या मधोमध ओला, पिळा पडलेला टॉवेल. दाइवा वळली, तिने गणवेश बघितला, आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

“बाई, तुम्ही चालू द्या,” बाउवेन्स म्हणाला. “माझं झालं.”

त्याने वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली. रेनकोटवाल्याला म्हणाला, “नोट खिशात घाला.” मल्खाजला म्हणाला, “ती पाटी काढून छोटी लावा. कार्ड उद्या काउंटरवर मिळेल.” दारापर्यंत गेला आणि वळला. “तुम्हाला सांगतो, टॉवेलची दोरी असते न्हाणीघरात. तिथे फोटो लावण्यापेक्षा टॉवेल लावा.”

“पण तुम्ही काहीच खाल्लं नाहीत!” मल्खाज कळवळून म्हणाला. पाहुणा उपाशी चालला होता.

“घरी माझी वाट बघतायत,” बाउवेन्स म्हणाला. “आणि तिथेही मी काहीतरी ओलं कुठेतरी ठेवून आलो असेन.”

तो गेल्यावर गोडेलीव्हबाईंनी न सांगता आपला काटा पर्समध्ये घातला, नणंदेला उठवलं, सेफेरने रेनकोटवाल्याला धरून नेलं. घरात दोघंच उरली. मल्खाजने टॉवेल उचलला. मग टेबलाजवळची सगळ्यांत चांगली खुर्ची ओढून त्याने दाइवासमोर ठेवली. ती बसली. दोघं गार झालेली वांगी जेवली. कोणी पेला उंचावला नाही.

*

शुक्रवारी कार्ड मिळालं. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या माणसाला काम करायला कसलीही मर्यादा नाही. काउंटरसमोर उभा राहून मल्खाजने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात, छातीला लागून ठेवलं.

सोमवारी सकाळी तो कामावर निघाला तो दाइवाच्याच ट्रामने. पुढे काचेआड ती, मागे गर्दीत हा. त्याने ठरवलं होतं की आज अगदी इतर नोकरदारांसारखं, काहीही नवल वाटल्याचं न दाखवता जायचं. ट्राम वळणावर घसटत होती, पुलावरून चढत होती, दारं उघडत होती, मिटत होती, आणि हे एवढं लांबलचक धूड ती एवढीशी बाई एका हाताने चालवत होती. मल्खाजने खिशावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न केला. त्याला ते जमलं नाही. तो तिच्या पाठीकडेच बघत राहिला.

त्याचा थांबा आला. तो मागच्या दाराकडे सरकला. तेवढ्यात छतावरचे सगळे स्पीकर खरखरले, आणि दाइवाचा आवाज, स्वच्छ फ्लेमिशमध्ये, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमला.

“मल्खाज, तुझं जेवण माझ्याकडे राहिलंय. पुढे ये.”

पन्नास-साठ माणसांनी माना वळवल्या. मल्खाज कोण हे शोधायला कुणालाच वेळ लागला नाही, कारण लाल झालेला एकच माणूस होता. लोकांनी वाट करून दिली. शाळेला निघालेल्या मुली हसल्या, एका आजीबाईंनी त्याच्या दंडावर थोपटलं. तो पुढे गेला. काचेचं दार किलकिलं झालं, आतून डबा बाहेर आला, आणि मागोमाग, फक्त त्याला ऐकू जाईल असं, “दोघांपुरतंच केलंय. अर्धं माझ्याकडे आहे.”

मल्खाज डबा घेऊन फुटपाथवर उतरला. ट्राम निघून गेली तरी तो तिथेच उभा होता. एका हातात गरम डबा, दुसरा हात अजून खिशावर, आतल्या कार्डावर. सबंध ट्रामने त्याला तिचा नवरा म्हणून पाहिलं होतं, आणि कार्ड कुणीच मागितलं नव्हतं.